धुऱ्यानं सात, मधातून पाच

मी सात म्हणालो. उत्तर पाच होतं.

चूक एवढीच. दोनाची. मेथीच्या जुड्या मोजताना याहून मोठ्या चुका मी रोज करतो, आणि गिऱ्हाईक हसून सोडून देतं. पण ही चूक मी तालुक्याच्या गावी, मुलीच्या कॉलेजात, पालकसभेत केली. भरल्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत उभं राहून, हात वर करून.

हात वर करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसायलाही नाही. मागच्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि मी बाजारातून उशिरा पोचलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "तठी जाऊन जास्त बोलू नका." ते मी नीट ऐकलं होतं. ऐकलेलं सगळंच माणूस पाळतो असं नाही.

सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, एक उभी. जिथं दोन्ही रेघा कापल्या तिथं ठिपका दिला. म्हणाले, "हे केंद्र. इथून तीन घरं उजवीकडे, चार घरं वर. तिथं हा एक बिंदू. वर्तुळ या बिंदूतून जातं. केंद्रापासून बिंदू किती लांब, तेवढं सांगा. तेवढं कळलं की वर्तुळाचं समीकरण तयार. तुमची मुलं म्हणतात गणित अवघड आहे. बघू, पालकांपैकी कोणी सांगतंय का."

वकील होते, दुकानदार होते, दोन-तीन मास्तर होते. सगळे आपापल्या मोबाइलात. आणि मला वाटलं, हे तर आपल्याला येतं. जन्म वाफे आखण्यात गेला. तीन इकडे, चार तिकडे. यात काय आहे?

"सर, सात."

"किती?"

"सात. तीन इकडून, मंग चार वर."

सर हसले नाहीत. त्यांनी डोकं किंचित वाकडं केलं. "सरळ का नाही गेलात काका? तिरपे?"

आता हा प्रश्न मला खरंच कळला नाही. मी मनापासून उत्तर दिलं. गंमत करायची म्हणून नाही.

"मधात वाफे असतील ना सर. वाफ्यातून कोनी जाते का? धुऱ्यानंच जा लागते."

धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध. हॉलमधल्या निम्म्या लोकांना शेती होती. त्यांनाही तो शब्द ठाऊक होता. तेच जास्त हसले.

सरांनी हसू ओसरू दिलं. मग फळ्यावर माझं समीकरण लिहिलं. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर सातचा वर्ग, एकोणपन्नास. खाली तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, बेरीज पंचवीस. पंचवीसभोवती खडूनं गोल केला.

"बघा काका. पाहिजे होते एकोणपन्नास, भरले पंचवीस. तुमचा बिंदू वर्तुळावर नाहीच. आतच पडला." मग खडूचे हात झटकत हॉलकडे वळून म्हणाले, "हेच होतं. तुम्ही लोक सात चालता आणि पाचावरच पोचता. मग विचारता, आमच्या मुलांना मार्क का नाहीत."

तुम्ही लोक.

या वेळी हशा मोठा झाला. मीसुद्धा हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सगळे हसतात तेव्हा आपणही हसलं की अपमान थोडा वाटून घेतल्यासारखा होतो, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. माझी मुलगी वैष्णवी दाराजवळ उभी होती. अकरावीच्या मुलींना पाहुण्यांना पाणी द्यायला लावलं होतं. तिच्या हातात ग्लासांचा ट्रे होता. ती हसली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. ती माझ्या चपलांकडं बघत होती. चपलांना मळ्यातला चिखल होता. वाळलेला.

सभा संपल्यावर शिपायानं मला हाक मारून एक कागद दिला. विषय-बदल अर्ज. 'माझ्या पाल्यास गणित विषय स्वेच्छेने सोडावयाचा आहे.' हे वाक्य आधीच छापलेलं. खाली पालकाची सही. सर शेजारी उभे होते. आवाज एकदम मऊ.

"मुलगी चांगली आहे हो. तिची काही चूक नाही. पण गणित घरात असावं लागतं, रक्तात असावं लागतं. आज पाहिलंत ना तुम्ही? चाचणीत काठावर आहे. बारावीला कॉलेजचा रिझल्ट खाली येतो. गणित सोडलं तर आरामात निघेल. पुढच्या सोमवारपर्यंत सही करून द्या."

मी म्हणालो, "हो सर."

आणि कागदाची घडी करून इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

गाडीवर मागं बसलेली वैष्णवी कानाशी म्हणाली, "आर्यनले माह्यापेक्षा कमी हायेत. त्याले नाई देल्ला कागद."

"आर्यन कोन?"

"सरांच्या भावाचा."

गाडीचा आवाज फार येत होता असं मी स्वतःला सांगितलं.

हे सर आमच्याच गावचे. गाव केनवडपासून फार लांब नाही, नाव सांगून काय करायचं. सरांचे वडील गावात बापूसाहेब. आमचा मळा आणि गावचा फाटा यांच्या मध्ये बापूसाहेबांचं मोठं वावर. अगदी चौकोनी. एका कोपऱ्यावर आमचं घर, समोरासमोरच्या कोपऱ्यावर फाटा, आणि फाट्यालाच लागून शाळा. वावराच्या मधून एक पायवाट होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पेरणी झाली तरी तेवढा पट्टा मोकळा सोडत. त्या वाटेनं बापूसाहेबांच्या घरची माणसं जायची, गुरुजी जायचे, पोस्टमन जायचा, जावईबापू जायचे. आम्ही नाही. आम्ही माळवं करणारे. आम्ही धुऱ्यानं. कारण विचारलं तर सांगत, भाजीवाल्यांच्या टोपल्यातून पाणी गळते, वाट चिखल होते. माझ्या हातात टोपलं नसायचं, पाटी-दप्तर असायचं. तरी धुऱ्यानं.

पोरपणी मला मोजायची खोड. घरापासून पहिल्या कोपऱ्यापर्यंत तीनशे पावलं. तिथून वळून फाट्यापर्यंत चारशे. रोज सातशे जायचं, सातशे यायचं. मधली वाट किती पावलांची होती हे मला माहीत नव्हतं. कधी मोजलीच नव्हती.

एकदा मोजली. अर्धी.

सातवीत होतो. सहामाहीचा गणिताचा पेपर. सकाळी बाबांनी वांगी तोडायला लावली, उशीर झाला. वावर मोकळं होतं, पीक निघालेलं. रात्री पाऊस होऊन माती मऊ झालेली. मी वाटेवर पाऊल टाकलं आणि पळालो. अर्ध्यात पोचलो तेव्हा बापूसाहेब समोर. हातात काठी नव्हती. त्यांनी मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. शांतपणे म्हणाले, "आला तसा जाय. तुह्याच पावलांवर पाय ठेवून. उलटा. तोंड इकडं ठेव. माह्याकडं."

मी निघालो. उलटा. आपल्याच पायाचा ठसा शोधायचा, त्यात टाच बसवायची, मग दुसरा ठसा. समोर बापूसाहेब. बाजूला सायकल टेकवून त्यांचा मुलगा बोरं खात उभा होता. माझ्यापेक्षा दोन वर्गांनी पुढं. त्याला मजा वाटली. तो मोजू लागला. "एक. दोन. तीन." मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसं. एकशे बावीसवर मी पडलो. पाठीवर, चिखलात. त्यानं मोजणं थांबवलं, बोराची आठोळी थुंकली आणि सायकलवर बसून त्याच वाटेनं शाळेत गेला. त्याचाही पेपर होता.

उरलेली पावलं मी न मोजता उलटी गेलो. मग धुऱ्यानं तीनशे, वळून चारशे. पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. गुरुजींनी माझ्या सदऱ्याकडं बघून विचारलं, "डुकरासंगं लोळत होता का रे?" वर्ग हसला. मीही हसलो.

संध्याकाळी बाबा बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन माफी मागून आले. माझ्या वतीनं. येताना त्यांच्या हातात नेलेले दोन भोपळे तसेच होते. ते द्यायला विसरले की तिकडं घेतले नाहीत, मला अजून कळलेलं नाही. मला म्हणाले, "धुऱ्यानं जावं बावा. आपल्याले काय घाई हाय?"

त्या पेपरात मी नापास झालो. दहावीनंतर शाळा सुटली, मळा धरला. मला गणित येत नाही, हे मी तेव्हापासून धरून चाललो. तक्रार केली नाही. उलट, लग्न-बारशात माझे गणिताचे विनोद फार चालतात. "मले पाच पोरं होती, मोजता मोजता एकच राह्यली," वगैरे. लोक हसतात. मी घरातला गमत्या माणूस.

तर तो छापील अर्ज चार दिवस देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली पडून होता. या चार दिवसांत मी बाजारात 'सात-काका' झालो होतो. कोणा पोरानं सभेतला व्हिडिओ फिरवला होता. शेजारचा टमाट्यावाला म्हणाला, "काय सात-काका, एक किलो मागतलं तर दीड देता का?" मी म्हणालो, "देतो, पन धुऱ्यानं." पुन्हा हशा. मी विनोद केला आणि घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं. म्हटलं, पोट बिघडलं. तिनं ओव्याचं पाणी दिलं. मी प्यायलो.

पाचव्या दिवशी सकाळी मी देवघरासमोर पेन घेऊन बसलो. खरं सांगतो, मी सही करणार होतो. मला ते बरोबरच वाटत होतं. पोरीला कशाला उलटं चालायला लावायचं? आधीच बाजूनं गेलेलं बरं.

वैष्णवी मागं येऊन उभी राहिली.

"बाबा, मले गणित सोडायचं नाई."

"वं माय, सर म्हनतात..."

"सर काई म्हनू द्या. मळ्यात चला. खुरपं घ्या."

वांग्याची झाडं उपटून एक तुकडा मोकळा केला होता. तिनं मधोमध खुंटी ठोकली. सुतळी सापडेना, म्हणून ठिबकची जुनी नळी ओढून आणली. खुंटीपासून तीन पावलं सरळ गेली, काटकोनात वळून चार पावलं गेली. तिथं ढेकूळ ठेवलं. "तुमचं सात. बराबर?"

"बराबर."

मग नळीचं एक टोक खुंटीला बांधलं, नळी तिरपी ताणून ढेकळापर्यंत आणली, तिथं चिंधी बांधली. नळी जमिनीवर सरळ टाकली आणि तिच्यावरून पावलं टाकत गेली. मला मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

मी पुन्हा मोजलं. पाच.

"आता खुरपं धरा चिंधीपाशी आन् फिरा. नळी ढिली सोडू नका."

मी फिरलो. पन्नाशीला आलेला माणूस, वाकून, खुरप्यानं माती ओरखडत खुंटीभोवती फिरत होतो. गोल तयार झाला. झाडाचं आळं करतो तसाच, फक्त मोठा. इतकी आळी केली जन्मात, पण त्यांना समीकरण असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

वैष्णवी गोलावर उभी राहिली. "याच्यावर कुठंबी उभे राहा. खुंटीपासून पाचच. कोनी जवळ नाई, कोनी लांब नाई. समीकरन म्हंजे एवढंच बाबा. आडवा किती गेला त्याचा वर्ग, उभा किती गेला त्याचा वर्ग, बेरीज पंचवीस आली का तो गोलावर. मंग थो कोनाचा कोन, कोनी इचारत नाई."

मी म्हणालो, "आन् माह्या सातानं केलं तर?"

तिला हे पुस्तकात कोणी विचारलं नव्हतं. ती थांबली. ओठ दाताखाली धरला, तिच्या आईसारखा. मग ढेकळं गोळा करायला लागली.

"तुमच्या धुऱ्याच्या हिशोबानं सात पावलांवर कोन-कोनते ठिकान येतात, पाहू."

सरळ सात पावलं, एक ढेकूळ. सहा आणि वळून एक, दुसरं. पाच-दोन. चार-तीन. तीन-चार. दोन-पाच. एक-सहा. शेवटी नुसती उभी सात. ढेकळांची एक सरळ रेघ झाली. ओळंबा धरल्यासारखी सरळ. खुंटीच्या चारी बाजूंनी तसंच केलं. चार रेघा. गोल झालाच नाही. टोकावर उभा केलेला चौकोन झाला. पत्त्यातल्या चौकटच्या एक्क्यासारखा.

आम्ही दोघं बघत राहिलो.

"तुमी चुकलेच नव्हते बाबा," ती हळूच म्हणाली. "तुमी दुसरंच अंतर मोजलं. पन त्या अंतराचा गोल नाई होत. त्याले टोकं निंघतात."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं. ज्याला मधून जाऊ दिलं जात नाही, त्याचं जग गोल नसतं. त्याला टोकं असतात. आणि ती टोकं तो आयुष्यभर चुकवत फिरतो, आणि त्यालाच आपला स्वभाव म्हणतो.

मग तिनं विचारलं, "पन आपन धुऱ्यानं काहून जातो?"

हेच तिनं पूर्वी एकदा विचारलं होतं. दुसरीत असताना, माझं बोट धरून. तेव्हा मी म्हणालो होतो, "आपल्याले काय घाई हाय?" माझ्या बापाचं वाक्य, शब्द न बदलता. या वेळी ते तोंडातून निघेना. मी ढेकळांकडं बघत तिला उलट्या पावलांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा. बोराच्या आठोळीसकट. ती रडली नाही. म्हणाली, "थेच सर?"

"थेच."

तिनं हातातलं ढेकूळ दाबून फोडलं.

सोमवारी मी कॉलेजात गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला नाही. सर खोलीत एकटे होते, समोर चहा. "बसा काका. सही आणली?"

मी उभाच राहिलो. कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी. 'स्वेच्छेने' या शब्दावर मी घरीच काट मारली होती. काट जरा वाकडी आली होती.

"हे काय?"

"तिची इच्छा नाई सर. माही बी नाई. तुमची असंल तर तुमी लिहून द्या. 'आमी हिले काढून राह्यलो' म्हनून. खाली तुमची सही करा."

सरांनी कप खाली ठेवला. "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. त्या दिवशी पाहिलं ना आपण..."

"थे सात माहं होतं सर. तिच्या नावावर लावू नका."

"बरं. आणि रिझल्टचं काय?"

"आर्यनचं जे होईल थे."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला निघता आलं असतं. पण तोंडाशी आलेलं आवरेना.

"सर, तुमाले आठवते का? तुमी मोजत होते. एकशे बावीसपर्यंत."

"काय मोजत होतो?"

मी सांगितलं. थोडक्यात. वावर, चिखल, सायकल, बोरं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हते, मला दिसत होतं. खरंच आठवत नव्हतं. माझं अख्खं आयुष्य ज्या आकड्यावर थांबलं, तो त्यांना बोराच्या आठोळीइतकाही लक्षात नव्हता.

"लहानपणीच्या गोष्टी आहेत त्या," ते म्हणाले.

"लहान तुमी होते सर. मले लहान राहू देल्लं नव्हतं."

त्यांनी कागद ओढून घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला. लिहून काही दिलं नाही. "ठीक आहे. बसू दे तिला वर्गात. बारावीत नापास झाली तर माझ्याकडे येऊ नका."

"नाई येत."

हा काही विजय नव्हता. पोरगी अजून काठावरच आहे. वर्गात सर तिला आता प्रश्न विचारत नाहीत, तिची वहीही बघत नाहीत. ती नापास होऊ शकते. हे सगळं तेव्हाही मला दिसत होतं.

गाडी त्या दिवशी दुरुस्तीला होती. दुपारी ऑटोनं फाट्यावर उतरलो. समोर बापूसाहेबांचं वावर. सोयाबीन निघालेलं, जमीन उघडी. पायवाट तशीच, पांढरी, मधून गेलेली. जुन्या सवयीनं माझे पाय धुऱ्याकडं वळले. खरंच वळले, मी न सांगता. मुंगीला रेघ आखून दिल्यासारखे. मी थांबलो. फाट्यावर मैलाचा दगड आहे, त्यावर बसलो. घाम आला होता. वर्ष कोणतं, वय किती, आणि मी एका पायवाटेला घाबरून दगडावर बसलो होतो.

मग उठलो आणि मधून निघालो.

एक, दोन, तीन. पोरपणीसारखं मोजत. पन्नास. शंभर. एकशे बावीसला मागं वळून बघितलं. कोणी हाक मारली नाही. कोणी समोर आलं नाही. वावरात माणूसच नव्हतं. बापूसाहेबांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांची मुलं शहरात. वावर मक्त्यानं दिलेलं, मक्तेदार परगावचा, त्याला मी कोण हेही माहीत नाही. दहा वर्षं त्या वाटेवर मला अडवायला कोणीच उभं नव्हतं.

राखण मीच करत होतो. बापूसाहेबांच्या वावराची, फुकटात, पिढीजात. आणि मुलीचं बोट धरून तिलाही ती राखण शिकवत होतो.

दोनशे सत्तरच्या पुढं मोजणं चुकलं. मागं वळून बघत होतो ना. त्यामुळं ती वाट पाचशे पावलांची आहे का कमी, मला अजूनही माहीत नाही. घरी पोचलो तेव्हा पँटीला गोखरू चिकटले होते.

बायको ओट्यावर सांभाराच्या जुड्या बांधत होती. शहरात कोथिंबीर म्हणतात, तो आमचा सांभार. मी समोर बसून सगळं सांगितलं. अर्ज, काट, सर, आकडा, वाट. मधे मधे थोडे विनोदही टाकले, सवयीनं. ती हसली नाही. तिचे हात थांबले नाहीत. जुडी, दोरा, गाठ. जुडी, दोरा, गाठ. माझं सांगणं संपलं तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल, शाबास.

तिनं शेवटची जुडी टोपल्यात ठेवली, ओलं फडकं वरून टाकलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"लग्न होऊन आली, तिसऱ्या दिवशी तुमीच सांगतलं होतं मले. आपन धुऱ्यानं जातो. मी इचारलं, काहून? तुमी म्हनले, आपल्याले काय घाई हाय? तवापासून रोज सकाळी हे टोपलं डोक्शावर घेऊन धुऱ्यानं जा लागते मले. पोटात वैशू होती, तवाबी. तुमी गाडीवर बसून रोडनं जाता. तुमी आज एक डाव मधातून आले आन् मले कहानी सांगून राह्यले."

तिनं शेजारची चुंबळ उचलून टोपल्यावर ठेवली. उद्यासाठी.

"उद्या टोपलं मी मधातून नेईन. वैशू माह्यासंगं येईन. कोनी आडवं आलं तं मी पाहून घेईन. तुमाले यायचं असंल तं मागून या. आन् पावलं मोजू नका. आमच्या डोक्शावर वझं असते."